बिल्ला दाखवून अटक करणारा शूटर
जुन्या गेमांची उजळणी : भाग ९

गेल्या भागात ‘स्वॅट ४’ पाहिला. २००५ सालच्या त्या गेममध्ये आधी दरडावायचं आणि अगदीच इलाज उरला नाही तर गोळी, असा शिरस्ता होता. उगाच गोळी झाडली की गुण कापले जायचे. आज त्याच घराण्यातला, पण दहा वर्षांनी धाकटा ‘बॅटलफील्ड हार्डलाइन’.

मार्च २०१५ मध्ये तो आला तेव्हा आम्ही मंडळींनी नाकं मुरडली होती. बॅटलफील्ड म्हणजे रणगाडे, विमानं आणि ६४ जणांची ऑनलाइन हाणामारी. त्यात चोर-पोलीस कुठून आले? ज्यांनी घेतला त्यांनी मल्टिप्लेअर खेळून सोडून दिला. एकट्याने खेळायची कॅम्पेन तशीच पडून राहिली. नंतर सेलमध्ये किरकोळ पैशांत मिळाला म्हणून घेतला, तर भलतंच काही हाती लागलं.

बनवणारे ‘डेड स्पेस’वाले व्हिसरल गेम्स. त्यांनी कॅम्पेनची मांडणी टीव्हीवरच्या पोलीस मालिकेसारखी केली आहे. मायामीतला डिटेक्टिव्ह निक मेंडोझा, त्याची जोडीदार खाई आणि वरिष्ठ कॅप्टन डॉज. गेम बंद करून पुन्हा उघडला की ‘मागील भागात’ सुरू होतं. डॉजचं काम बेनिटो मार्टिनेझने केलंय. ‘द शील्ड’ ही पोलीस मालिका पाहिलेल्यांना हा माणूस पुन्हा कॅप्टनच्या खुर्चीत दिसला की गंमत वाटेल. कथा मात्र बेतास बात. खात्यातला भ्रष्टाचार, दगाफटका, तुरुंग, सूड. पुढचं वळण आधीच कळतं.

खरी मजा बिल्ल्यात आहे. एखाद्या गोदामात तिघे गप्पा मारत उभे असतात. तुम्ही मागून जवळ जाता, कळ दाबता, निक बिल्ला उंचावून ओरडतो आणि तिघेही हत्यारं टाकतात. पण बंदुकीचा रोख एकावरच ठेवून चालत नाही. दुसऱ्याकडे दुर्लक्ष झालं की तो हळूच बंदुकीकडे हात नेतो, म्हणून नजर आणि नळी सतत फिरती ठेवावी लागते. मग एकेकाला बेड्या. बेड्या पडताच गडी जमिनीवर आडवा होऊन चक्क झोपतो, डोक्यावर घोरण्याची इंग्रजी अक्षरं तरंगतात! हसू येतं, पण त्या आधीच्या काही सेकंदांत जो ताण असतो तो शंभर हेडशॉटमध्ये नाही. मुडदे पाडून गुण मिळत नाहीत, अटक केली की मिळतात. वॉरंट निघालेला गुन्हेगार जिवंत सापडला तर आणखी.

आणि या गुणांच्या बदल्यात काय मिळतं? नव्या बंदुका. इथे गेमची गोची उघडी पडते. गोळी न झाडल्याचं बक्षीस म्हणून गोळी झाडायचं सामान! शिवाय गुणांची पातळी पंधरावर संपते. नेटाने अटका केल्या तर ती कॅम्पेन संपण्याच्या बरीच आधी गाठली जाते, आणि पुढे अटक करायला कारण उरत नाही. ‘स्वॅट ४’ने शिस्त शेवटपर्यंत सोडली नव्हती. इथे उत्तरार्धात वाळवंटात रणगाडाच हाती येतो आणि निक पोलीस होता याचा गेमला विसर पडतो.

काळाचाही फटका बसला. गेमची घोषणा जून २०१४ मधली. ऑगस्टमध्ये मिसुरीतल्या फर्ग्युसन गावात पोलिसाच्या गोळीने मायकल ब्राउन हा कृष्णवर्णीय तरुण गेला आणि चिलखती गाड्यांतले, लष्करी थाटाचे पोलीस जगाने टीव्हीवर पाहिले. त्यानंतर सात महिन्यांनी पोलिसांच्या हाती जड शस्त्रं देणारा खेळ बाजारात आला. त्यातली अटकेची कल्पना कोण बघणार? व्हिसरलला ती पुढे वाढवायची संधीही मिळाली नाही. ऑक्टोबर २०१७ मध्ये प्रकाशक ईएने स्टुडिओच बंद केला.

खेळणारच असाल तर कॅम्पेनच्या तिसऱ्या भागासाठी खेळा. फ्लोरिडाच्या एव्हरग्लेड्स दलदलीत एअरबोटीने हिंडायचं, पाण्यात मगरी, काठाकाठाने तस्करांचे तळ. कुठल्या तळावर कुठून शिरायचं हे तुमच्यावर सोडलंय. तिथे एकही गोळी न झाडता पुढे सरकून बघा.

पुढच्या आठवड्यात ‘रेडी ऑर नॉट’.