खारे पाणी आणि समुद्राचे पाणी
घरातील जलसृष्टी : लेखांक सातवा

मागील लेखांकापर्यंत आपण गोड्या पाण्यातील माशांचा संसार मांडला. आता समुद्राकडे वळताना, आणि त्यातही शिकारी माशाला घरात जागा देण्याचे मनात आणताना, उदाहरणादाखल मी मुंबई किंवा रत्नागिरी न घेता मुद्दामच बुलढाणा जिल्ह्यातील संग्रामपूर हे तालुक्याचे गाव घेतले आहे. तारापोरवाला मत्स्यालय १९५१ साली उघडले ते मरीन ड्राइव्हवर, समुद्राच्या समोर. झाडगावचे सागरी जीवशास्त्र संशोधन केंद्रही रत्नागिरीच्या किनाऱ्याच्याच आश्रयाने उभे आहे. जेथे समुद्र दाराशी असतो तेथे टाकीतल्या पाण्याचा विचार करण्याची सक्ती फारशी होत नाही. सातपुड्याच्या पायथ्याशी, अरबी समुद्रापासून सरळ रेषेत सुमारे ४०० किलोमीटर आत, ती पुरेपूर होते.

तशात संग्रामपूर तालुका पडला खारपाणपट्ट्यात. पूर्णेच्या खोऱ्यातील गाळाच्या जमिनीखालचे पाणी अमरावती, अकोला व बुलढाणा या तीन जिल्ह्यांतील शेकडो गावांना पिढ्यान्‌पिढ्या छळत आले आहे. तेव्हा समुद्री माशाची गोष्ट निघताच, खारे पाणी तर आमच्या विहिरीत फुकटच आहे, असे तेथील एखादा मिस्कील गृहस्थ म्हणाला तर त्याला दोष देता येणार नाही. पण उत्तर नकारार्थी आहे. पिण्याच्या पाण्यात विरघळलेल्या क्षारांची मर्यादा भारतीय मानकाने लिटरला ५०० मिलिग्रॅम, आणि दुसरा स्रोतच नसेल तर २,००० मिलिग्रॅम ठरवली आहे. समुद्रात तेच प्रमाण ३५,००० च्या घरात असते. म्हणजे जे पाणी माणसाच्या तोंडी लागत नाही, ते समुद्री माशाच्या लेखी जवळजवळ गोडेच!

केवळ प्रमाणाचा प्रश्न असता तर वाण्याकडून मिठाची गोणी आणून तो मिटला असता. परंतु ‘चॅलेंजर’ जहाजाने १८७२ ते १८७६ या काळात जगभरच्या समुद्रांतून गोळा केलेल्या पाण्याचे ७७ नमुने तपासून विल्यम डिटमार या रसायनशास्त्रज्ञाने १८८४ साली जे दाखवून दिले ते असे की, समुद्राचा खारटपणा कोठे कमी व कोठे जास्त असला, तरी त्यातील प्रमुख क्षारांचे परस्परांशी असलेले प्रमाण सर्वत्र जवळजवळ एकच राहते. त्यात सोडियम व क्लोराइड मिळून सुमारे ८५ टक्के, आणि उरलेल्यात सल्फेट, मॅग्नेशियम, कॅल्शियम, पोटॅशियम. मिठागरात पाणी आटू लागले की कॅल्शियमचे क्षार आधी खाली बसतात आणि मॅग्नेशियम शेवटच्या कडू पाण्यात मागे राहते. मधल्या टप्प्यावर जे हाती येते ते आपले स्वयंपाकातले मीठ. समुद्रातून निघाले असले तरी त्यातून समुद्र पुन्हा घडवता येत नाही. याच जिल्ह्यातले लोणारचे सरोवर पाहावे : पाणी खारट, पण त्याचा सामू दहाच्या वर, समुद्राचा मात्र ८.२ च्या आसपास. लोणारच्या त्या पाण्यात समुद्री मासा तग धरणार नाही.

म्हणून संग्रामपुरात दोनच गोष्टी चालतील : आर.ओ. यंत्रातून क्षारमुक्त केलेले पाणी, आणि मत्स्यालयासाठी मुद्दाम तयार केलेले समुद्री क्षारांचे मिश्रण. यंत्र एक लिटर शुद्ध पाण्यामागे दोन-तीन लिटर पाणी बाहेर टाकते, आणि ज्या तालुक्यात पिण्याच्या पाण्याची विवंचना आहे तेथे ते गटारात सोडणे मला तरी अप्रशस्त वाटते. भांडी घासणे, फरशी धुणे ही कामे त्यावर भागतात.

आता पाहुण्याकडे. हेकरू, गोब्रा यांसारखे मासे कोकणात पाहिलेल्यांना मोह होईल, पण ते घरच्या टाकीला न आवरणारे जीव आहेत. शिवाय राक्षसी हेकरूला २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याचे कवच आहे. आपण लायनफिश धरून चालू. तांबूस-पांढऱ्या पट्ट्यांचा, पंख पिसाऱ्यासारखे पसरणारा हा मासा हिंदी महासागरातलाच. तो भक्ष्याच्या मागे धावत नाही; छातीचे रुंद पर उभारून त्याला कोपऱ्यात कोंडतो आणि क्षणार्धात सगळेच्या सगळे गिळतो. लोक त्याच्या जबड्याकडे पाहतात. टाकीची योजना करणाऱ्याने मात्र त्याच्या पोटाकडे, नव्हे, पोटातून बाहेर पडणाऱ्या वस्तूकडे पाहिले पाहिजे. मांसाहारी मासा प्रथिनांवर जगतो. त्या प्रथिनांतला नत्र अमोनियाच्या रूपाने पाण्यात उतरतो. आणि समुद्री पाण्याच्या सामूला त्या अमोनियाचा विषारी अंश सामू ७ असलेल्या गोड्या पाण्यापेक्षा दहा पटींहून अधिक भरतो. त्यामुळे गोड्या पाण्यात खपून जाणारी हयगय येथे प्राणावर बेतते.

याला उपाय सूक्ष्मजीवांचा. एका जातीचे जंतू अमोनियाचे नायट्राइट करतात, दुसऱ्या जातीचे नायट्राइटचे नायट्रेट, आणि या दोघांची वस्ती सच्छिद्र दगडांवर व चिनी मातीच्या कड्यांवर बसायला चार ते सहा आठवडे लागतात. तोवर टाकी माशाविना चालू ठेवून कोळंबीचा एखादा तुकडा कुजू द्यावा, पाणी तपासावे व आकडे वहीत नोंदवावेत. पैसे भरून झाल्यावर रिकामी टाकी पाहत बसणे कठीण जाते खरे, पण या शिरस्त्याला पळवाट नाही. दगड म्हणून खऱ्या प्रवाळाचा तुकडा कोणी देऊ केला तर घेऊ नये. तोही कायद्याने निषिद्ध.

पूर्ण वाढलेला लायनफिश फूट-सव्वा फुटाचा होतो. त्याला पाच फूट लांब, दोन फूट रुंद व दोन फूट उंच टाकी हवी : हिशेबाने ५६६ लिटर, वाळू-दगड व वरची मोकळी जागा वजा जाता सुमारे ५००. त्याला साडेसतरा किलो क्षार लागतील. काच, चौकट, दगड धरून वजन पाऊण टनाकडे जाते, म्हणून धाब्याच्या घराच्या माडीवर टाकी ठेवण्याचा विचारही करू नये. तळमजला, पक्की जमीन, आणि ऊन न येणारी भिंत. सोबतीला प्रोटीन स्किमर हवाच, कारण मलद्रव्य कुजण्यापूर्वीच फेसाबरोबर बाहेर काढणारे तेवढे एकच यंत्र आहे.

मात्र संग्रामपुरातील खरा शत्रू वैशाख. बाहेर पारा ४२-४४ अंशांवर, आणि माशाला हवे २४ ते २७. पाणी तापले की त्यातला प्राणवायू घटतो, आणि खाऱ्या पाण्यात तो मुळातच गोड्यापेक्षा कमी मावतो. वऱ्हाडच्या कोरड्या उन्हाळ्यात पृष्ठभागावर वारा घालणारा पंखा वाळ्याच्या पडद्यासारखेच काम करतो आणि दोन-तीन अंश उतरवतो. त्याहून अधिकासाठी चिलरचा खर्च सोसावा लागेल. उडून जाते ते केवळ पाणी, क्षार मागेच राहतात. म्हणून रोजची भर शुद्ध पाण्याची घालावी, खाऱ्या पाण्याची नव्हे. वीज जाण्याचा बंदोबस्त आधी करावा. इन्व्हर्टरवर निदान हवेचा पंप व पाणी फिरवणारी मोटर चालली पाहिजे. दिवे विझले तरी मासा कुरकुरत नाही.

आहाराविषयी थोडक्यात : जिवंत गोल्डफिश टाकण्याची हौस करू नये, त्यातील थायमिनेज ‘ब१’ जीवनसत्त्व नष्ट करते आणि मासा हळूहळू खंगतो. बर्फातली कोळंबी, माकूळ, समुद्री माशाचे तुकडे चिमट्याच्या टोकाला हलवून दाखवले की बहुतेक लायनफिश मेलेले अन्न घ्यायला शिकतात. मोठ्याला आठवड्यातून दोन-तीन वेळा पुरे. तोंडात मावेल असा कोणताही मासा सोबती म्हणून ठेवू नये, आणि पाठीवरचे तेरा काटे विषारी असल्याने टाकीत उघडा हात घालू नये. काटा लागलाच तर सोसवेल इतक्या, म्हणजे सुमारे ४५ अंशांच्या, गरम पाण्यात हात बुडवावा, कारण हे विष प्रथिनमय असून उष्णतेने निकामी होते. आणि तसेच दवाखाना गाठावा.

राहिला एक प्रश्न, जो किनाऱ्यावरच्या माणसाला सुचणार नाही. दर महिन्याला शंभर लिटर पाणी बदलायचे, म्हणजे साडेतीन किलो क्षार घराबाहेर टाकायचे. वर्षाला ४२ किलो. आधीच क्षारांनी चोपण झालेल्या मातीत, विहिरीच्या आसपास किंवा परसातल्या झाडांना ते पाणी देणे म्हणजे खारपाणपट्ट्याला स्वतःच्या खर्चाने हातभार लावणे होय. जाड प्लास्टिक अंथरलेला उथळ खड्डा उन्हात करावा, पाणी आटू द्यावे, आणि तळाला राहिलेला खडा खरवडून गोणीत भरावा. टाकी विकत घेण्यापूर्वी या खड्ड्याची जागा ठरलेली असावी.