उणे १९६ अंशांचा दिवस

सकाळी ८
परळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात माझा दिवस नायट्रोजनच्या कंटेनरपासून सुरू होतो. प्रयोगशाळेतले मामा पट्टी आत बुडवतात, बाहेर काढून हवेत दोनदा हलवतात. जिथवर पांढरं दव धरतं, तिथवर नायट्रोजन. "मॅडम, उद्यापर्यंत पुरेल, पण आजच मागवा." मी लगेच फोन लावते. आत उणे १९६ अंशांत महिन्यांचं काम ठेवलेलं आहे.

९.३०
म्हशीच्या रेताच्या काल गोठवलेल्या कांड्या आज तपासायच्या. पाव मिलिलिटरच्या एका कांडीत साधारण दोन कोटी शुक्राणू. चिमट्याने कांडी उचलायची, ३७ अंशांच्या पाण्यात ३० सेकंद धरायची, कोरडी पुसायची, टोक कापून थेंब उबदार काचेवर घ्यायचा. निम्मे तरी शुक्राणू सरळ पुढे पळताना दिसले पाहिजेत, नाहीतर बॅच बाद.

साध्या द्रावणातली कांडी काठावर पास झाली. ग्लुटाथिओन, म्हणजे क्रियाशील ऑक्सिजनला आवर घालणारं अँटिऑक्सिडंट, घातलेल्या कांडीत हालचाल स्पष्ट जास्त. दुप्पट मात्रेच्या कांडीत मात्र ती पुन्हा मंदावली. हे अपेक्षितच होतं. फलनासाठी सज्ज व्हायला शुक्राणूला थोडा क्रियाशील ऑक्सिजन लागतोच. तो पुसून टाकला तर राखण करता करता आपणच त्याचं काम बंद पाडतो.

दुपारी १२
आता किती झीज झाली ते मोजायचं. म्हशीच्या शुक्राणूच्या आवरणात बहुअसंतृप्त स्निग्धाम्लं भरपूर असतात. गोठवताना-वितळवताना तयार होणारा क्रियाशील ऑक्सिजन नेमका त्यांच्यावर तुटून पडतो, मेलेले शुक्राणूही हायड्रोजन पेरॉक्साइड सोडत राहतात. डब्यातलं तेल खवट होतं, तीच ही क्रिया. १९४९ साली ख्रिस्तोफर पोल्ज आणि सहकाऱ्यांनी ग्लिसरॉलचा उपयोग दाखवला आणि बर्फाच्या इजेवर तोडगा सापडला. पण ग्लिसरॉलने हा खवटपणा थांबत नाही, त्यासाठी ही वेगळी खटपट.

नमुन्यात थायोबार्बिट्युरिक आम्ल घालून नळ्या उकळत्या पाण्यात ठेवल्या. जितकी चरबी खराब झालेली, तितका गुलाबी रंग गडद. साध्या द्रावणाची नळी चांगलीच गुलाबी, शेजारची ग्लुटाथिओनची फिकट. यंत्रावर ५३२ नॅनोमीटरला आकडा घ्यायच्या आधीच फरक डोळ्यांना दिसला आणि फार बरं वाटलं.

३.३०
गोरेगावहून सहकारी थंड पेटी घेऊन आला. रेत सकाळी तिथेच आमच्या द्रावणांत मिसळून ठेवलं होतं, ४ अंशांवरचे चार तास भरले. कांड्या भरल्या, सील केल्या, नायट्रोजनच्या वाफेवर दहा मिनिटं आडव्या ठेवल्या आणि आत सोडल्या.

५.३०
ओळखीच्या एका पशुवैद्यकाचा फोन. गोठ्यातली म्हैस पुन्हा उलटली. म्हणजे गाभण राहिली नाही, आणखी २१ दिवस चारा घालायचा आणि पुढच्या माजाची वाट बघायची. माज ओळखण्यातली चूक, रेतनाची वेळ, कांडी हाताळणं, कारणं अनेक असतात. सगळा दोष रेताचा नसतो, पण आमच्या हातातला भाग तेवढाच. उरुळीकांचनला मणिभाई देसाईंनी १९६७मध्ये बाएफ ही संस्था उभी केली, तेव्हापासून गोठ्यापर्यंत कांडी पोहोचवण्याचं काम राज्यात पुष्कळ झालं. मला त्या कांडीच्या आतलं सुधारायचं आहे. माझ्या मते सूक्ष्मदर्शकाखालची हालचाल म्हणजे निम्मीच परीक्षा. ग्लुटाथिओनच्या कांडीने किती म्हशी गाभण राहतात हे मोजल्याशिवाय तिची शिफारस मी करणार नाही.

६.१५
मधल्या मात्रेचं द्रावण ताज्या अंड्याचा बलक घालून पुन्हा बनवलं, नळ्यांवर तारीख घातली. दुप्पट मात्रा उद्यापासून बंद. तिच्या जागी निम्मी मात्रा बघायची आहे.