तळ्यातली कासवं: गैरसमज आणि वस्तुस्थिती

एप्रिल-मेमध्ये ऊन पडलं की नेदरलँड्समधल्या बागांच्या तळ्यांत, पाण्यात कललेल्या ओंडक्यांवर कासवं ओळीने ऊन खात बसतात. अ‍ॅम्स्टेलव्हीनपासून आइंडहोव्हनपर्यंत कुठलंही मराठी कुटुंब तिथे पोचलं, की मुलांच्या प्रश्नांची सरबत्ती सुरू होते. आईबाबांची उत्तरं मात्र बरेचदा ऐकीव असतात.

गैरसमज: ही इथलीच कासवं.
वस्तुस्थिती: डोळ्यामागे लाल पट्टा असलेलं कासव मूळचं अमेरिकेतल्या मिसिसिपी नदीच्या खोऱ्यातलं. गालावर पिवळा पट्टा असलेला त्याचा भाऊबंदही अमेरिकेचाच. युरोपचं स्वतःचं तळ्यातलं कासव हिमयुगानंतरच्या उबदार काळात इथे होतं, पुढे ते नाहीसं झालं. आज दिसतात ती बहुतेक कधीकाळी कुणीतरी घरात पाळलेली.

गैरसमज: छोटंसंच तर असतं, टाकीत मावेल.
वस्तुस्थिती: दुकानातलं पिल्लू जेमतेम नाण्याएवढं असतं. मादी मात्र पंचवीस सेंटिमीटरच्याही पुढे जाते आणि कासव तीस वर्षं सहज जगू शकतं. टाकी अपुरी पडते, पाण्याला वास येतो आणि एके संध्याकाळी कासव गुपचूप तळ्यात पोचतं. युरोपीय संघाने १९९७ मध्ये लालपट्टेवाल्यांची आयात थांबवली, तर दुकानांत पिवळे पट्टेवाले आले. २०१६ पासून मात्र या जातीचे सगळेच प्रकार विकायला, पैदास करायला आणि नव्याने पाळायला बंदी आहे. आधीपासून घरात असलेलं कासव ते मरेपर्यंत सांभाळता येतं, पण ते निसटणार नाही आणि त्याची वीण होणार नाही याची काळजी घेऊन.

गैरसमज: तळ्यात सोडलं, म्हणजे पुण्य लागलं.
वस्तुस्थिती: सोडणं बेकायदा आहेच, शिवाय तळ्यावर अन्याय आहे. ही कासवं पाणवनस्पती, किडे, बेडकांची पिल्लं असं मिळेल ते खातात.

गैरसमज: डच हिवाळ्यात ती मरतात.
वस्तुस्थिती: बहुतेक मोठी कासवं तगतात. थंडीत ती तळाशी जाऊन बसतात आणि शरीराचे सगळे व्यवहार मंदावतात. लागतो तेवढा थोडासा प्राणवायू त्यांची त्वचा पाण्यातूनच शोषून घेते.

गैरसमज: मग त्यांची पिल्लावळ वाढतच असणार.
वस्तुस्थिती: मादी काठावरच्या मातीत अंडी घालते, पण डच उन्हाळ्याची ऊब ती उबायला सहसा पुरत नाही. शिवाय पिल्लू नर की मादी हे अंड्याच्या तापमानावर ठरतं. गारव्यात नर निपजतात, माद्यांना जास्त ऊब लागते. म्हणजे तळ्यातली गर्दी मुख्यतः माणसांनी केलेली आहे. सोडणं थांबलं तर ती हळूहळू ओसरेल. उन्हाळे तापत गेले, तर मात्र हे गणित बदलू शकतं.

गैरसमज: पाय ताणून निश्चल पडलंय, म्हणजे आजारी आहे.
वस्तुस्थिती: कासवाला अंगची ऊब नसते. पचनासाठी उष्णता आणि कवचासाठी लागणारं ड जीवनसत्त्व त्याला उन्हातूनच मिळतं. जवळ गेलात की ते पाण्यात उडी मारतं आणि मिळालेली ऊब वाया जाते.

गैरसमज: पाव टाकला, हातात घेतलं, तर काय बिघडतं?
वस्तुस्थिती: उरलेला पाव कुजून पाणी खराब करतो. धडधाकट दिसणाऱ्या कासवाच्या अंगावरही साल्मोनेला जंतू असू शकतात आणि लहान मुलांना त्यांचा त्रास अधिक होतो. याच कारणाने अमेरिकेने १९७५ मध्ये चार इंचांहून छोट्या कासवांची विक्री बंद केली.

तेव्हा दुर्बीण न्या आणि मुलांना नर-मादी ओळखायला शिकवा. लहान चणीचा, पुढच्या पायांना लांब नखं असलेला तो नर. मादीसमोर तीच नखं थरथरवून तो तिची मनधरणी करतो. जखमी कासव दिसलं तर १४४ या क्रमांकावर फोन करा. घरचं कासव डोईजड झालं असेल, तर कासवांच्या निवारा केंद्राशी बोला, तळ्याकडे नेऊ नका.