सायक्लोफिलिन-डी आणि आल्झायमर रोग

पेशीच्या मृत्यूशी निगडित अशा प्रथिनांत सायक्लोफिलिन-डी याचे स्थान काहीसे निराळे आहे. सायटोक्रोम-सी तंतुकणिकेबाहेर पडले म्हणजे पेशीच्या नियोजित मृत्यूची साखळी सुरू होते, हे १९९६ मध्ये शिआओडाँग वाँग व त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखविले. सायक्लोफिलिन-डीचे कार्य मात्र तंतुकणिकेच्या आतच घडते. आधारद्रव्यात कॅल्शियम प्रमाणाबाहेर साठले, की आतील पटलात एक रंध्र उघडते व सुमारे १,५०० डाल्टनपर्यंतचे रेणू त्यातून जाऊ लागतात. पटलाच्या दोन बाजूंमधील विद्युत्‌-विभव नाहीसा होतो, एटीपीची निर्मिती थांबते, पाणी आत शिरून तंतुकणिका फुगते आणि अखेर तिचे बाह्य पटल फाटते. हे रंध्र नेमके कशाचे बनलेले आहे, याविषयीचा वाद अद्याप मिटलेला नाही. सायक्लोफिलिन-डी हा त्या रंध्राचा घटक नसून ते उघडण्यास लागणारी कॅल्शियमची मर्यादा खाली आणणारा नियामक होय, असेच बहुतेक अभ्यासक मानतात.

हे प्रथिन नसलेल्या उंदरांवरील संशोधन २००५ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यांच्या पेशी कॅल्शियमचा अतिरेक व ऑक्सिडीकरणाचा ताण यांना चांगल्या तोंड देतात. नियोजित मृत्यूच्या नेहमीच्या संकेतांना मात्र त्या पूर्ववत्‌ प्रतिसाद देतात. तेव्हा या प्रथिनाला सरसकट ‘मृत्युप्रथिन’ म्हणणे प्रस्तुत लेखकास योग्य वाटत नाही.

आल्झायमर रोगाशी त्याचा संबंध जोडला गेला तो २००८ मध्ये. हेंग डू, शर्ली यान व त्यांच्या सहकाऱ्यांना असे आढळले, की तंतुकणिकेत शिरलेले बीटा-अमिलॉइड सायक्लोफिलिन-डीशी संयोग पावते व त्यामुळे तंतुकणिकेवरील ताण वाढतो. रोगाची प्रतिकृती म्हणून वापरलेल्या उंदरांतून हे प्रथिन काढून टाकले असता त्यांचे शिकणे व स्मरण लक्षणीय रीतीने सुधारले.

येथे एक गोष्ट सहज नजरेआड होते. अशा उंदरांच्या मेंदूत अमिलॉइड साठते खरे, परंतु मानवी रोग्यात दिसतो तितका चेतापेशींचा संहार त्यांच्यात सहसा होत नाही. मग सुधारली ती स्मृती पेशी वाचल्यामुळे, की जिवंत पेशींच्या परस्परसंपर्काच्या जागी एटीपीचा पुरवठा व कॅल्शियमचे नियमन नीट चालू राहिल्यामुळे? दुसरा पर्याय अधिक संभवनीय दिसतो. कारण त्याच प्रयोगांत चेतापेशींमधील संपर्काचे दीर्घकालीन दृढीकरणही सावरलेले आढळले.

औषधाचा प्रश्न याहून बिकट आहे. सायक्लोस्पोरिन-ए या प्रथिनास रोधते, पण ते कॅल्सिन्यूरिनमार्फत रोगप्रतिकारशक्तीही दडपते व रक्तातून मेंदूत फारसे शिरत नाही. शिवाय २०१० मधील संशोधनात, हे प्रथिन नसलेल्या उंदरांचे हृदय रक्तदाबाच्या भाराखाली अधिक लवकर दुबळे होते असे दिसून आले. कारण ते रंध्र अधूनमधून उघडून जादा कॅल्शियम बाहेर सोडण्याचेही काम करीत असावे. वर सांगितलेल्या उंदरांत हे प्रथिन जन्मापासूनच नव्हते. वृद्धापकाळी, अमिलॉइड साठून गेल्यावर, केवळ चेतापेशींतून ते काढून टाकल्यास काय होते, हे पाहणारे प्रयोगच या बाबतीत खरे निर्णायक ठरतील.