जठरांतील बिऱ्हाडकरू

एकत्र कुटुंबांत वाढलेल्या आमच्या वाचकांस हें चित्र ओळखीचें वाटेल: पंक्तींत एका काकांचें पान निराळें. त्यांस आमटी नको, लोणचें नको. मऊ भात व दूध एवढेंच. मध्यरात्रीं पोटांत कळ आली, कीं ते उठून ओसरीवर येरझाऱ्या घालीत. घरांतील मंडळींचा निकाल ठरलेला: "स्वभाव तापट, काळजी फार, जन्मभर तिखट खाल्लें; दुसरें काय होणार?" डॉक्टरही बहुधा हेंच सांगत. हा निकाल पुष्कळ अंशीं चुकीचा होता, हें सिद्ध होऊन बरींच वर्षें लोटलीं. पण घरोघरीं तो अद्याप दिला जातो, म्हणून हा लेखनप्रपंच.

ऑस्ट्रेलियांतील पर्थ शहरीं रॉबिन वॉरन यांस १९७९ सालीं रोग्याच्या जठरांतून काढलेल्या तुकड्यांत वांकडे जंतु दिसले. जठराच्या तीव्र आम्लांत जंतु टिकतच नाहींत, असें तोंवर शिकवीत. बॅरी मार्शल या तरुण डॉक्टरांनीं ते प्रयोगशाळेंत वाढविण्याचा यत्न चालविला. दोन दिवसांत कांहीं न उगवल्यास तबकड्या टाकून देत. १९८२ सालच्या ईस्टरच्या सुटींत त्या तशाच राहिल्या, आणि सुटीनंतर पाहतात तों जंतु वाढलेले! १९८४ सालीं मार्शल यांनीं हे जंतु स्वतः पिऊन पाहिले व थोड्याच दिवसांत त्यांच्या जठरास दाह झाला. (असलें धाडस वाचकांनीं करूं नये, हें सांगणें नलगे.) हेलिकोबॅक्टर पायलोरी हें त्या जंतूचें आजचें नांव. २००५ सालीं उभयतांस नोबेल पारितोषिक मिळालें.

हा बिऱ्हाडकरू मोठा धूर्त. यूरियापासून अमोनिया करून तो आपल्याभोंवतीं आम्लाची धार बोथट करतो व जठराच्या बुळबुळीत अस्तरांत ठाण मांडतो. पण त्याची खरी करामत निराळीच. जठराच्या शेवटच्या भागांतील कांहीं पेशी गॅस्ट्रिन नांवाचें संप्रेरक रक्तांत सोडतात. 'अन्न आलें, आम्ल तयार करा' हा त्याचा निरोप. आम्ल पुरेसें झालें, कीं शेजारच्या पेशी सोमॅटोस्टॅटिन हें दुसरें संप्रेरक सोडून त्यास आवर घालतात. आतां, प्रत्येक पेशीजवळ जनुकांची पोथी सबंध असते, परंतु जी ती पेशी आपल्या कामापुरते अध्याय वाचते. या वाचनासच शास्त्रज्ञ जनुकाची अभिव्यक्ति म्हणतात. आंतड्याच्या आरंभीं व्रण झालेल्या रोग्यांत या जंतूमुळें सोमॅटोस्टॅटिनचें वाचन मंदावतें, असें आढळलें. पोथी तीच, वाचणारा अडखळतो. आवर सुटला, गॅस्ट्रिन वाढलें, आम्ल अनावर झालें, आणि व्रण पडला. औषधानें जंतु घालविल्यावर तें वाचन पुन्हां वाढतें व गॅस्ट्रिन उतरतें. काकांच्या स्वभावाचा यांत दोष तो कोणता?

मात्र सर्वांची गत एकच नसते. बहुतेकांस हा जंतु असूनही कधीं त्रास होत नाहीं. उलट कांहींच्या सबंध जठरभर दाह पसरतो, आम्ल करणाऱ्या पेशीच झिजतात आणि आम्ल घटतें. यांपैकीं थोड्यांस पुढें कर्करोगाचें भय असतें. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग-संशोधन संस्थेनें १९९४ सालीं या जंतूस कर्करोगजनकांत गणलें.

हें बिऱ्हाड बहुधा लहानपणींच थाटलें जातें, आणि तेंही घरच्याच माणसांकडून; पुष्कळदां आईकडून मुलास. म्हणून आपल्या तोंडांतला घांस मऊ करून तान्ह्यास भरविण्याची जुनी चाल सोडावी, हें आमचें स्पष्ट मत आहे. आजीबाई रागावल्या तरी बेहत्तर. प्रत्येक जळजळ या जंतूचीच असते असें नव्हे. सांधेदुखीवरच्या वेदनाशामक गोळ्यांनींही व्रण होतात. श्वासाच्या किंवा शौचाच्या तपासणीनें निदान होतें. औषधें बहुधा चौदा दिवस घ्यावीं लागतात. बरें वाटलें म्हणून मध्येंच सोडल्यास उरलेले जंतु औषधांस दाद देईनासे होतात. औषध संपल्यावर निदान चार आठवड्यांनीं तपासणी पुन्हां करावी, व तिच्यापूर्वीं दोन आठवडे आम्ल कमी करणाऱ्या गोळ्या डॉक्टरांस विचारून बंद ठेवाव्या; नाहीं तर जंतु असूनही तो नाहीं असें दिसतें.