मनाचे व्यापार (लेखांक ९) : बोटांचे ठोके आणि भीतीचा उतार

मागील लेखांकात श्वासाच्या नियमनाने हृदयाची गती कशी मंदावते याचा विचार केला. आज ज्या उपचाराचा परामर्श घ्यावयाचा आहे, तो प्रथमदर्शनी काहीसा हास्यास्पद वाटावा असा आहे. मनात ठाण मांडून बसलेली भीती, संताप किंवा शोक यांचे स्मरण मुद्दाम जागे ठेवावयाचे आणि त्याच वेळी दोन बोटांच्या टोकांनी भुवईचा नाकाकडील आरंभ, डोळ्याची बाहेरची कड, डोळ्याखालचे हाड, नाकाखालची जागा, हनुवटीवरची खळी, गळपट्टीचे हाड, काखेखालची बरगडी आणि टाळू येथे हलके ठोके देत जावयाचे, हा या 'टॅपिंग'चा विधी. आरंभी तळहाताच्या करंगळीकडील कडेवर ठोके देत, मला अमुक त्रास असला तरी मी स्वतःचा पूर्ण स्वीकार करतो, अशा अर्थाचे वाक्य उच्चारावयाचे, आणि विधीच्या आधी व नंतर आपल्या क्लेशाला ० ते १० यांमधील एक अंक द्यावयाचा. हा अंक देण्याची रीत जोसेफ वोल्पे या मानसोपचारतज्ज्ञांच्या मापनपद्धतीवरून उचललेली आहे. ही उसनवारी लक्षात ठेवावी, कारण तिचा संबंध पुढे येणार आहे.

या उपचाराची वंशावळ अमेरिकेतली, पण तिचे मूळ चिनी वैद्यकातील नाड्यांच्या कल्पनेत आहे. रॉजर कॅलहान नावाचे मानसशास्त्रज्ञ १९८० च्या सुमारास पाण्याच्या भयाने ग्रासलेल्या एका स्त्रीवर उपचार करीत होते. तिने पोटात गोळा येतो असे सांगताच, जठराची नाडी डोळ्याखाली येते हे स्मरून त्यांनी तिला तेथे ठोके द्यावयास सांगितले आणि तिचे भय तत्काळ नाहीसे झाले, असे त्यांचे कथन आहे. यावरून त्यांनी निरनिराळ्या विकारांसाठी बिंदूंचे निरनिराळे क्रम बसविले, आणि रुग्णाच्या आवाजावरून क्रम ठरविण्याची एक गुप्त विद्याही काढली, जिच्या शिक्षणाची फी १ लाख डॉलरपर्यंत होती! त्यांचे शिष्य गॅरी क्रेग हे स्टॅनफर्डचे अभियंता. त्यांनी हा सारा क्रमभेद मोडीत काढून सर्व विकारांना एकच क्रम लावला आणि १९९० नंतरच्या दशकात 'ईएफटी' या नावाने ती पद्धत जगापुढे मांडून तिची पुस्तिका विनामूल्य वाटली. येथे सावध वाचकाला शंका यावयास हवी. गुरूच्या मते क्रम हेच सर्वस्व होते आणि शिष्याने क्रमच रद्द केला, तरी गुण येतो असे दोघेही सांगत होते. मग क्रमाच्या अंगी काय सामर्थ्य होते?

ही शंका एक पायरी पुढे नेऊन खुद्द बिंदूंनाच साक्षीच्या पिंजऱ्यात उभे करण्याचे काम कॅनडातील वेट आणि होल्डर या संशोधकांनी २००३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात केले. कसली ना कसली भीती असलेल्या ११९ विद्यार्थ्यांचे त्यांनी चार गट पाडले. पहिल्याने सांगितलेल्या बिंदूंवर ठोके दिले. दुसऱ्याने हातावरील भलत्याच, शास्त्रात नसलेल्या जागी दिले. तिसऱ्याने स्वतःच्या शरीराला हातही न लावता एका बाहुलीला दिले. आणि चौथ्याला यातले काहीच करावयाचे नव्हते. चौथ्या गटाची भीती होती तेवढीच राहिली आणि पहिल्या तिन्ही गटांची सारख्याच प्रमाणात उतरली. उपचाराच्या कैवाऱ्यांनी यावर जो आक्षेप घेतला तो मोठा रंजक आहे : बाहुलीला ठोके देताना बोटांची टोके वापरली गेली, आणि बोटांच्या टोकांवरही नाड्यांचे बिंदू असतातच! असा बचाव पत्करला, तर बिंदू नाही अशी जागाच शरीरावर उरणे कठीण, आणि मग कोणत्याही प्रयोगाने त्याचा निवाडा व्हावयाचा नाही.

उपचाराच्या बाजूचा पुरावाही पाहिला पाहिजे. डॉसन चर्च आणि सहकारी या संशोधकांनी २०१२ मध्ये ८३ जणांच्या लाळेतील कॉर्टिसॉल या, मानसिक ताणाबरोबर वाढणाऱ्या, द्रव्याचे मापन करून, एका तासाच्या टॅपिंगने ते सरासरी २४ टक्क्यांनी उतरते, संभाषणाने किंवा नुसत्या विश्रांतीने त्याहून कमी उतरते, असे दाखविले. दाखला दुर्लक्षणीय नाही. परंतु खोट्या बिंदूंचा गट त्यात नसल्यामुळे तो आराम पडल्याची साक्ष देतो, नाड्यांची नव्हे.

मग आराम पडतो तो कशाने? माझ्या मते उत्तर वोल्पे यांच्याच दप्तरात सापडते. शरीर शिथिल असताना भयाचे चित्र थोडे थोडे मनासमोर आणीत गेले की भय ओसरते, ही त्यांची पद्धत १९५८ सालीच ग्रंथरूपाने प्रसिद्ध झालेली होती. टॅपिंगमध्ये भीतीचा विषय टाळला जात नाही, त्याला तोंड द्यावे लागते. निम्मे अवधान बोटांच्या तालाकडे गुंतल्यामुळे स्मृतीची धार बोथट होते. आणि स्वीकाराचे ते वाक्य मनुष्याला स्वतःच्या भित्रेपणाची लाज बाळगण्यापासून मोकळे करते. परीक्षेच्या किंवा भाषणाच्या आधी धडधड होणाऱ्याने हा विधी खुशाल करावा. त्याला ना खर्च, ना अपाय. मात्र ज्याला रात्ररात्र झोप नाही, आत्मघाताचे विचार ज्याला छळतात, किंवा एखाद्या भीषण प्रसंगाची स्मृती ज्याला भर दिवसा गाठते, त्याने ती स्मृती एकट्याने जागी करण्याचे धाडस करू नये. जाणत्या मानसोपचारतज्ज्ञासमोरच ती उघडावी, कारण जागी केलेली स्मृती ठोक्यांनी शमली नाही तर सावरावयास जवळ कोणीतरी हवे. अशा स्मृतींसाठी फ्रॅन्सिन शापिरो यांनी १९८७ पासून डोळ्यांच्या हालचालींवर आधारलेली जी पद्धत विकसित केली, तिचा विचार पुढील लेखांकी.