पाण्याची गाडी, 5 डिसेंबर

पहाटे 4. परळच्या गल्लीत भाड्याची पिकअप आली आहे. उद्या महापरिनिर्वाण दिन. चैत्यभूमीकडे येणाऱ्यांची रीघ आजच लागते, म्हणून आमचं पाणी आजपासून शिवाजी पार्कला. मंडळाकडे हजार लिटरची टाकी तयार आहे आणि ती हौद्यात आरामात बसते. तरी चालकमामा फाळका उघडत नाहीत. “ताई, हौद्यात मावतं म्हणून भरायचं नसतं. आधी काटा.”

साडेचार. वडाळ्याजवळचा वजनकाटा. गाडी 1300 किलो पासिंगची, म्हणजे आरसीवरच्या भरलेल्या वजनातून रिकामं वजन वजा केलं की 1300 उरतात. पण मागाहून हौद्यावर लोखंडी सांगाडा जोडलेला आहे. काट्यावर तो 120 किलो भरला. मामा आणि आम्ही दोघं मिळून 200. उरले 980. पाण्याचा हिशेब सोपा, एक लिटरला एक किलो. हजार लिटर पाण्यानेच मर्यादा ओलांडली, टाकीचं आणि नळांच्या स्टँडचं वजन अजून वेगळंच.

परत येऊन 750 लिटरची टाकी चढवली. टाकी, स्टँड, टेबलं, पेले धरूनही हातात शंभरेक किलो राहिले. ते तसेच राहू द्यायचे. गर्दीच्या दिवशी कुणी दमलेली आजी गाडीत बसवावी लागते.

साडेपाच. टाकी केबिनला टेकवून बांधली. भार मागच्या चाकांच्या पलीकडे गेला की पुढची चाकं हलकी होतात आणि स्टिअरिंग हातात राहत नाही. टाकी काठोकाठ भरली, कारण अर्धवट टाकीतलं पाणी ब्रेक मारताच पुढे धावतं. मागच्या टायरांत भरल्या गाडीची हवा. मामांनी पाटे वाकून पाहिले, मग किल्ली फिरवली.

7 वाजता केळुसकर रोड. यानंतर रस्ते बंद होत जातात, म्हणून गाडी आता हलणार नाही. दिवसभर नळ चालू. विदर्भातून, मराठवाड्यातून रात्रभर प्रवास करून आलेली माणसं ओंजळ धरतात, बाटल्या भरून घेतात, पुस्तकांच्या स्टॉलकडे वळतात. 1956 साली 7 डिसेंबरला बाबासाहेबांवर इथल्या चौपाटीवर अंत्यसंस्कार झाले, तेव्हापासून ही वाट अशीच भरते.

दुपारी 3. टाकी संपली, पालिकेच्या टँकरवरून भरून घेतली. सावलीत मामा विचारतात, पिकअपवर घर बसवतात ते खरं का? खरं आहे. अमेरिकेत हौद्यावर झोपायची, स्वयंपाकाची खोली चढवतात. तिथे गाडीच्या दाराच्या खांबावर किती किलो चालेल त्याची पट्टी असते. आपल्याकडेही 2021 साली महाराष्ट्राने कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं. खोली असो की टाकी, वजाबाकी तीच. रिकाम्या खोलीचं वजन पाहून चालत नाही. पाणी, बॅटरी, गादी, माणसं, सगळं मोजायचं.

रात्री 10. उरलेलं पाणी वाटून टाकी रिकामी केली.

मोटार वाहन कायद्याच्या 2019च्या दुरुस्तीनुसार जादा भाराला 20,000 रुपये दंड आहे, वर प्रत्येक जादा टनाला 2,000. पण मला दंडापेक्षा त्या गर्दीची काळजी वाटते. तिथे ब्रेक लागलाच पाहिजे. पाणी, जेवण घेऊन येणाऱ्या सगळ्या मंडळांना विनंती आहे: टाकी ठरवण्याआधी गाडीची आरसी मागा आणि गाडी एकदा काट्यावर चढवा.